घरी करायचं की विकत आणायचं? स्वयंपाकघराचं ‘मेक ऑर बाय’

खरेदीखातं, कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मे महिन्यात निवृत्त झालो. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर खरेदी खात्यात होतो. बायकोची बँकेतली नोकरी अजून शिल्लक आहे, मुलगा हिंजवडीला जातो आणि रात्री जेवायलाच उगवतो. तेव्हा स्वयंपाकघर मी मागून घेतलं. घरात चौथी आई. तिला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, पण ओट्यावरचं सगळं हॉलमध्ये बसून ऐकू येतं. फोडणी करपायच्या आत “गॅस बारीक कर” अशी सूचना येते.

रोजचं वरण, भात, भाजी, कोशिंबीर जमतं. पोळ्यांना मावशी येतात. प्रश्न त्याच्या मागच्या थराचा आहे: तूप, मसाले, पिठं, पनीर, सणावारांचं. आईच्या काळात हे सगळं घरी व्हायचं. मग हळूहळू अर्धं दुकानातून यायला लागलं, आणि त्यातलं कुठलं का सुटलं हे कुणी ठरवलं असं नाही, सुटत गेलं. आता ते एकदा नीट ठरवावं म्हणतो.

कारखान्यात याला ‘मेक ऑर बाय’ म्हणायचो. एखादा भाग आपल्या शॉपवर करायचा की बाहेरून घ्यायचा, यावर बैठक बसायची. किंमत हा त्यातला फक्त एक रकाना. वर्षाला किती नग लागतात, त्यातले किती रिजेक्ट होतात, मागितल्यावर किती दिवसांत हातात पडतो, आणि बिघडलेला असेल तर ते आपल्या गेटवर कळतं की गिऱ्हाइकाच्या लाइनवर, हे बाकीचे रकाने. त्याहीआधी एक साधा प्रश्न असायचा: आपलं मशीन आणि माणूस रिकामं आहे का? रिकामं असेल तर घरचा भाग जवळजवळ मालाच्याच किमतीत पडतो. सध्या आमच्या घरातली रिकामी क्षमता म्हणजे मी. बायको म्हणते, मग तुझ्या वेळेची किंमत शून्य धर. मला हे पटत नाही. चाळीस वर्षं वेळेचे पैसे मिळाले, ते एका रात्रीत बंद कसे होतील?

काही नोंदी लगेच निकालात निघाल्या. पाव, खारी, उडदाचे पापड, बाकरवडी: विकत. चितळ्यांची बाकरवडी मिळत असताना पुण्यात बसून ती घरी करणाऱ्यांना माझा लांबून नमस्कार. दही: घरी. विरजण लावायला लागतो अर्धा मिनिट, त्याला बैठक नको.

अडलंय ते पुढच्यांवर.

तूप. ‘फुल क्रीम’ लिहिलेल्या पिशवीत स्निग्धांश किमान ६ टक्के असावा लागतो, म्हणजे लिटरमागे साठ-बासष्ट ग्रॅम. सगळाच्या सगळा तुपात उतरला तरी किलोभराला सोळा लिटर दूध हवं, आणि सगळा कधीच उतरत नाही. त्यात पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असेल तर साय आणखी पातळ. त्या प्रकारात स्निग्धांशाचे कण मुद्दाम फोडून दुधात विखरून टाकलेले असतात, ते वर यायला बघत नाहीत. दुधाची पूर्ण किंमत तुपावर टाकली तर घरचं तूप वेड्यासारखं महाग पडतं. पण दूध आपण चहाला आणि प्यायला आणतोच, मग साय फुकट धरायची? भंगाराच्या पैशावरून आमच्याकडे दोन खात्यांत हीच भांडणं चालायची. आईचा मुद्दा मात्र यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. ती म्हणते, विकतच्या डब्यात बेरी कुठे येते? साखर घालून बेरी खायला मिळणार नसेल तर तिच्या लेखी ते तूपच नव्हे.

पनीर. लिटरभर फुल क्रीम दुधाचं साधारण दोनशे ग्रॅम निघतं. पाकीट आणि दूध शेजारी मांडलं तर फरक किरकोळ.

गोडा मसाला. वर्षाला आम्हाला जेमतेम किलोभर पुरतो. त्याला धने, तीळ, सुकं खोबरं, जिरं, शहाजिरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, मसाला वेलची, दगडफूल, नागकेशर, हिंग, हळकुंड, आणखी काय काय. प्रत्येक जिन्नस वेगळा परतायचा, कारण प्रत्येकाची करपायची वेळ वेगळी. पण खरी अडचण परतण्याची नाही. नागकेशर लागतं चिमूटभर आणि दुकानदार पुडी बांधतो पन्नास ग्रॅमची. उरलेलं वर्षभर डब्यात पडून वास सोडतं आणि पुढच्या वर्षी टाकून द्यावं लागतं. खरेदी खात्यात किमान ऑर्डरच्या अटीने आमची अशीच कोंडी व्हायची.

भाजणी, इडलीचं पीठ, श्रीखंड यांचीही अशीच त्रेधा. तुम्ही काय घरी करता, काय आणता, आणि कशावरून ठरवता? वेळेची किंमत धरता का? एक विनंती. ‘मायेने केलेल्याची चवच वेगळी’ हे उत्तर नको. मला ते शीटमध्ये टाकता येत नाही.

नाना, शनिवार पेठ

रिटायर झालात ना? मग करा. जमलं नाही तर आणा. दर शंभर पावलांवर दुकान असलेल्या गावात राहून एवढा हिशेब कशाला? सुटं पनीर मात्र आणू नका.

अवनी, बाणेर

काका, तुमची ती शीट मला पाठवा. गंमत नाही करत, खरंच हवी आहे.

तुमचा ‘बिघाड कुठे कळतो’ हा रकाना मला सगळ्यात आवडला, कारण इडलीचं पीठ माझ्याकडे त्याच रकान्यावर ठरतं. पीठ फुगलं नाही हे रात्री कळत नाही. सकाळी आठला कळतं, जेव्हा डबे भरायचे असतात आणि हातात दुसरं काही नसतं. मार्च ते ऑक्टोबर मी घरीच वाटते. तीन वाट्या इडलीचा तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथ्या. उडीद वेगळा, गार पाण्याने आणि हलका होईपर्यंत वाटायचा. रात्रभर ओट्यावर ठेवलं की काम झालं. डिसेंबर-जानेवारीत मात्र आमच्या भागात, पाषाणच्या बाजूला, पारा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून पातेलं आत ठेवलं तर फुगतं, पण तरी खात्री नाही. तेवढे दोन महिने मी पाकीट आणते. घरी की विकत हे वर्षभरासाठी एकदाच ठरवायला कुणी सांगितलंय? ऋतू बदलला की निर्णय बदलायचा.

पाकीट घेताना कधी खराब होणार ती तारीख बघू नका, कधी भरलं ती बघा. ते पीठ फ्रीजमध्येही हळूहळू आंबतच असतं. काही दुकानदार रात्री फ्रीज बंद करून जातात. पिशवी टम्म फुगलेली असेल तर त्या इडल्या आंबट होणार, सरळ ठेवून द्या.

पनीरबद्दल नानांना अनुमोदन. पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द असेल तर ते पनीर नाही, दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला प्रकार आहे. पाकिटावर निदान तसं छापावं लागतं. सुट्यावर कोण छापणार? आणि काका, पनीरचा लिटरचा हिशेब करताना खाली उरलेलं पाणी विसरू नका. त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.

मसाल्याच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. पहिली तीन नावं वाचा. गोड्या मसाल्यात धने, तीळ, खोबरं ही वर असायला हवीत. आलं-लसूण पेस्टच्या बाटलीवर पाणी आणि मीठच वर दिसलं तर पैसे कशाचे देतोय ते कळतं. एवढं वाचायला वीस सेकंद लागतात, आणि विकत घेण्यातलं कौशल्य एवढंच आहे.

वेळेची किंमत? मी धरते. रविवारी दोन तास मुलींबरोबर सायकल चालवणं आणि दोन तास भाजणी भाजणं यात माझं उत्तर ठरलेलं आहे. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. सासूबाईंना वाटतं, माझ्या वतीने.

गिरणीवाली, धनकवडी

खरेदीखातं काका, भोसरीत आयुष्य काढलंत आणि ‘मेक’ आणि ‘बाय’ दोनच रकाने केलेत? जॉब वर्क कुठे गेलं? माझे मिस्टर भोसरीतच लेथवर टर्निंगचं जॉब वर्क करतात. माल कंपनीचा, मजुरी आमची. मी इकडे गिरणीत तेच करते. फक्त चलन फाडत नाही.

पुण्यात घरचं म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं निम्मं जॉब वर्क आहे. गहू तुमचे, दळण माझं. मिरची तुमची, कुटणारा डंकवाला. जून लागला की मंडईत आडकित्ता मांडून माणसं बसतात; कैरी तुम्ही निवडून घ्यायची, फोडी ते करून देतात, घरी येऊन फक्त मसाला कालवायचा. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घालून बेकरीत न्यायचो आणि नानकटाईचा डबा भरून आणायचो. भट्टी त्यांची, तूप आपलं, म्हणजे डालडा घातलाय की काय ही शंकाच नाही. तुमच्या पोळ्यावाल्या मावशी तरी काय करतात? कणीक तुमची, गॅस तुमचा, हात त्यांचे. तुम्ही त्यांना विकत धरलंय की घरचं? तुमच्याच पोस्टमध्ये त्या ‘जमतं’ आणि ‘आणतो’च्या मधे कुठेतरी उभ्या आहेत.

तर भाजणी. भाजायची घरी, कारण कुठलं धान्य किती खमंग हवं हे तुमच्या आईच सांगणार. दळायची बाहेर. माझ्याकडे कुणी भाजणी आणली की मी पहिलं विचारते, चकलीची की थालीपिठाची. चकलीची बारीक लागते, नाहीतर सोऱ्यातून काटे येत नाहीत. थालीपिठाची जरा रवाळ. आणि गव्हावर टाकायची नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ दगडात थोडं राहतंच, ते तुमच्या भाजणीत उतरतं. म्हणून हरभऱ्याच्या डाळीचं दळण झालं की मागून चकलीची भाजणी घेते, नाहीतर तांदळावर. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं बाई उगाच थांबवून ठेवते. जुनी गिऱ्हाइकं स्वतःच विचारतात, “डाळ कधी टाकणार?” दळून झाल्यावर पीठ गरम असतं, घरी गेल्यावर डब्याचं झाकण लगेच लावू नका. वाफ धरली की आठवड्यात कुबट वास सुटतो.

आता माझं नुकसान होईल असं सांगते. गव्हाचं पीठ पाकिटातलं आणलंत तरी चालेल. पण ज्वारी-बाजरीचं पाकीट आणू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग लोक आपल्या हाताला दोष देतात. बाजरी त्याहून नाजूक. धान्य महिनोन् महिने टिकतं, पण पीठ केलं की त्यातल्या स्निग्धांशामुळे थोड्याच दिवसांत कडू लागायला लागतं. आठवड्याला लागेल तेवढंच दळायचं. घरघंटी घेतलीत तर तेही घरी होईल, पण आवाज आणि धुरळा सांभाळायची तयारी ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या निदान चार घरांत ती कपडे वाळत घालायला वापरतात.

मोदकाची पिठीही तशीच. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर धुऊन सावलीत वाळवून आणा, तांदळावर दळून देते. गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस नुसती पिठीच चालते आमच्याकडे.

फराळाच्या काकू, सिंहगड रोड

मी पंधरा-वीस घरांचा फराळ करते, दिवाळीत त्याच्या पाचपट. त्यामुळे मी विकणाऱ्यांच्या बाजूची. आधीच सांगितलेलं बरं.

आमच्याच घरात काय विकत येतं ते सांगू? शेव. यंत्रातून पडलेली शेव माझ्या सोऱ्यापेक्षा सरळ आणि बारीक येते, फरसाणवाल्याकडे रोज ताजी असते, मी कशाला दंड मोडू? पापड आणि कुरडया बचत गटाच्या बायकांकडून. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, गच्चीवर ऊन धरायचं. आता गच्ची कुणाला आहे? सोसायटीत विचारलं तर सेक्रेटरी ठराव मागतो. चिवडा मी विकते, पण दिवाळीत कामवाल्यांना द्यायला पूना मर्चंट्स चेंबरचा घेते. ते ना नफा ना तोटा देतात. त्या भावात मला तो करणंच परवडत नाही.

यंत्र जिथे हातापेक्षा चांगलं करतं ते विकत, हात जिथे यंत्राच्या पुढे जातो ते घरी. चकली, करंजी, अनारसे, पुरणपोळी हाताचे. पण त्यातही अनारशाचं पीठ तयार आणा. तांदूळ तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, सावलीत वाळवणं, कुटून चाळणं आणि गुळात मळून मुरवणं हे सगळं झालेलं पीठ दिवाळीत पेठेत मिळतं. आपण थापायचं आणि तळायचं. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. पहिला एकच सोडून बघा. तुपात हसला, म्हणजे जाळी सुटून विरघळायला लागला, तर बाकीचे सोडू नका. पिठाला आणखी थोडी तांदळाची पिठी लावा. कोरडं पडून भेगा गेल्या तर चमचाभर पिकलं केळं. हे दुकानदार सांगत नाही, त्याचं पीठ विकून झालेलं असतं.

श्रीखंडही तसंच. लिटरभर दह्याचा चक्का निम्म्याहूनही कमी उतरतो, आणि रात्रभर फडकं टांगायला नळ अडवून ठेवायचा. पाडवा-दसऱ्याच्या आदल्या दिवशी डेअरीत चक्का मिळतो, तो आणा. सकाळी लवकर जा, दुपारी पाटी लागते. चक्का बोटावर घेऊन चाखायचा. आंबट असेल तर किलोला किलो साखर, नसेल तर पाऊण किलोपासून सुरुवात. साखर कालवून तासभर ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. तयार डब्यात केशर, जायफळ, गोडी सगळं दुसऱ्याच्या हातचं. चक्का आणलात की निदान गोडी तुमची.

तुपाचं सांगते म्हणजे तुमच्या आईंची बेरी सुटेल. लोणी विकत आणा, कढवा घरी. डेअरीत पांढरं लोणी मिळतं. किलो लोण्याचं आठशे ग्रॅमच्या आसपास तूप उतरायला हवं. त्याहून बरंच कमी उतरलं तर लोण्यात पाणी जास्त आहे, डेअरी बदला. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, आधी तडतड आवाज येतो तो पाण्याचा. तो थांबला की समोरून हलायचं नाही. तळाची बेरी बदामी झाली की गॅस बंद. तूप गरम असतं, बेरी पुढेही रंग धरते, म्हणून हवी त्याच्या जरा आधीच. शेवटी विड्याचं पान टाकतात काही जण. आवडीचा भाग आहे.

गोड्या मसाल्यात मी गिरणीवालीताईंच्या बाजूची नाही. किलोभर मसाल्यासाठी डंक नको, मिक्सर पुरतो. मात्र गरम असताना फिरवू नका, खोबरं आणि तीळ तेल सोडतात आणि गोळा होतो.

माझ्याकडून किंवा कुणाकडूनही तळणीचं घेताना एकच विचारा: तेल कुठलं, आणि आज कितव्यांदा तापलंय? जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

खरेदीखातं, कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचेही.

शीटमध्ये तिसरा रकाना घातला. जॉब वर्क हे नाव वाचून बायको इतकी हसली की आता पोळ्यांच्या मावशी आल्या की “तुझे सबकॉन्ट्रॅक्टर आले” म्हणते. मावशींना मी नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दिवाळीला बोनस कंपनीच्या दराने द्या.

तूप ठरलं. रोजच्या सायीचं जेवढं होईल तेवढं, आणि सणाला लोणी आणून. आईसमोर हा प्रस्ताव मांडला. तिने विचारलं, “लोणी गाईचं की म्हशीचं?” मी म्हटलं, म्हशीचं. “मग हरकत नाही.” बस्स, ऑर्डर पास.

गोड्या मसाल्याची कोंडी फोडायला मजल्यावरच्या दोन घरांशी बोललो. तिघांत मिळून एक लॉट करायचा. रविवार पेठेतून एकदाच आणायचं, दगडफूल, नागकेशर, शहाजिरं सगळं पुडीच्या पुडी संपतं. परतणार मी, कृती आईची, मिक्सर शेजारच्यांचा, कारण त्यांचा मोठा आहे. शेजारच्या वहिनींना त्यात कांदा-लसूण घालायचाय. त्या लॉटचं काय करायचं यावर वाटाघाटी चालू आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही.

पनीर घरीच. इडलीचं अवनीताईंचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं, फक्त कर्वेनगरात बाणेरइतकी थंडी नसते म्हणून विकतचा काळ जरा आखूड केला. श्रीखंडाला चक्का. ज्वारी-बाजरीचं पाकीट बंद.

आता वेळेचा रकाना. अवनीताई, तुमचं सायकलचं पटलं, आणि मुलींना दोन तास देणाऱ्याला भाजणीचा हिशेब कुणी विचारू नये. माझ्यापुरता मार्ग असा काढला की एकूण वेळ धरायचा नाही, फक्त लक्ष द्यावं लागतं तेवढाच वेळ धरायचा. डाळ भिजते, पीठ फुगतं, चक्का गळतो, तेव्हा मी पेपर वाचत असतो. तो वेळ शून्य. तूप कढताना तडतड थांबल्यापासून गॅस बंद होईपर्यंत, मसाल्याचे तीळ उडायला लागल्यापासून उतरवेपर्यंत, तो वेळ पूर्ण दराने. आणि मांडणीचा वेळ वेगळा. कढई, झारा, चाळण्या, वर्तमानपत्र पसरणं आणि नंतरचं घासणं हे अर्ध्या किलोला लागतं तेवढंच दोन किलोला लागतं. कारखान्यात याला सेटअप म्हणायचो आणि त्यासाठीच लॉट मोठा काढायचो. या हिशेबाने बघितलं तर बऱ्याच गोष्टी घरी करणं वाटतं त्याहून स्वस्त आहे. तळण मात्र नाही. तळणात पूर्ण वेळ कढईसमोर उभं राहावं लागतं, एक मिनिट शून्यात जात नाही. म्हणून काकू, चकली तुमच्याकडून. तेल कितव्यांदा तापलंय ते विचारीन, चिडू नका.

गिरणीवालीताई, थालीपिठाची भाजणी करायची आहे. आईचं प्रमाण ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, थोडे गहू, आणि धने-जिरं. डाळीवर दळून मिळेल का? आणि किती आणू?

फराळाच्या काकू, सिंहगड रोड

विचारा की. पहिल्यांदाच तापलेलं असतं. चकलीची ऑर्डर वसुबारसेच्या आधी आठ दिवस द्या, नंतर घेत नाही.

नाना, शनिवार पेठ

कांदा-लसूण घातलेल्याला गोडा मसाला म्हणत नाहीत.

गिरणीवाली, धनकवडी

काका, त्यात गहू आहेतच, मग कशावरही दळली तरी बिघडत नाही. फक्त मिरचीवर नको, पण ती मी ठेवतच नाही. धने-जिरं जास्त परतू नका, दळताना तापतं, आणखी काळं पडतं. गुरुवार सोडून या, गुरुवारी आमच्याकडे बहुतेक वेळा लाइट नसते. आणि निदान दोन किलो आणा. त्याच्या खाली आणलीत तर बरीचशी माझ्या दगडालाच लागून राहील आणि तुमच्या मागचा माणूस थालीपिठाच्या वासाच्या पोळ्या खाईल.